नेटवर्क कॉपी रखडतेय? केबल बदलण्याआधी डिस्क मोजा

मोठी फाइल एका मशीनवरून दुसऱ्यावर पाठवायला घेतली. वेगाचा आकडा सेकंदाला ११२ मेगाबाइटवर जाऊन बसला, सगळं छान. अर्ध्या मिनिटाने तो ७० वर आला, मग शून्य, मग पुन्हा शंभरच्या पुढे, पुन्हा शून्य. अशा वेळी हात आधी केबलकडे जातो, मग स्विचकडे, मग नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरकडे. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार असतो. सुरुवात जोरात आणि नंतर गचके, असा नमुना दिसला की आधी घेणाऱ्या मशीनच्या डिस्कवर संशय घ्यावा.

आत काय घडतं ते एकदा नीट समजून घ्या, पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत. आलेला डेटा घेणाऱ्या मशीनवर आधी टीसीपीच्या (डेटा पोहोचल्याची खात्री करणारी नेटवर्कची पद्धत) रिसीव्ह बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, उतरतो. तिथून प्रोग्रॅम तो उचलतो आणि फाइलमध्ये लिहिण्यासाठी कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, हवाली करतो. कर्नल तो लगेच डिस्कवर टाकत नाही. रॅममधल्या पेज कॅशमध्ये ठेवतो आणि प्रोग्रॅमला ‘झालं’ म्हणून मोकळा होतो. डिस्कवर जायची राहिलेली ही पानं म्हणजे डर्टी पेजेस. ती फार साठली की कर्नल प्रोग्रॅमला राइटच्या कॉलमध्येच अडवून धरतो. अडकलेला प्रोग्रॅम सॉकेटमधून, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीतून, काही उचलत नाही, रिसीव्ह बफर भरतो, आणि टीसीपी समोरच्या मशीनला कळवतो की विंडो शून्य, आता पाठवू नकोस. बऱ्याच लिनक्स मशीनवर या बफरची डिफॉल्ट कमाल मर्यादा ६ मेगाबाइट आहे. गिगाबिटच्या वेगाने तो भरायला सेकंदाचा विसावा भाग पुरतो. त्यामुळे डिस्क अर्धा सेकंद अडली, की नेटवर्कही जवळजवळ अर्धा सेकंद गप्प. या सगळ्यात एकही पॅकेट हरवत नाही, एरर येत नाही, लॉगमध्ये ओळ पडत नाही. म्हणून तर दोष नेटवर्कच्या माथी जातो.

उदाहरणं लिनक्सची घेतली आहेत. विंडोजवर तत्त्व तेच, साधनं वेगळी.

हाताशी काय हवं

- दोन्ही मशीनवर नेटवर्कचा वेग मोजणारं आयपर्फ-३.
- घेणाऱ्या मशीनवर डिस्कचा वेग मोजणारं एफआयओ, आणि डिस्क काय करतेय ते दाखवणारं, सिसस्टॅट पॅकेजमधलं आयओस्टॅट.
- कनेक्शन दाखवणारं एसएस आणि प्रोसेस दाखवणारं टॉप. ही दोन्ही बहुधा आधीपासूनच असतात. विंडोजवर रिसोर्स मॉनिटर.
- घेणाऱ्या डिस्कवर रॅमच्या किमान दुप्पट मोकळी जागा.
- सेटिंग बदलायचं तर रूटचा अधिकार.
- एका कागदावर नोंद: दोन्ही मशीनची रॅम, डिस्कचं नेमकं मॉडेल, फाइल सिस्टिम, माउंटचे पर्याय. मॉडेल क्रमांक टाळू नका, पुढे त्याचीच गरज पडते.

१. आधी छत किती उंच आहे ते ठरवा

गिगाबिट म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट, म्हणजे १२५ मेगाबाइट. १५०० बाइटच्या एमटीयूवर (एका पॅकेटची कमाल लांबी) हेडरचा भार वजा केला की टीसीपीच्या हाती सुमारे ९४१ मेगाबिट उरतात, म्हणजे ११७ मेगाबाइटच्या आसपास. विंडोजच्या कॉपीच्या खिडकीत ११२ दिसतं तेही हेच, कारण तिथला मेगाबाइट १०२४ च्या पटीत मोजलेला असतो. ११२ दिसत असेल तर गिगाबिटमधून आणखी काही पिळून निघणार नाही. २.५ गिगाबिटचं छत सुमारे २९४, आणि १० गिगाबिटचं ११७५ मेगाबाइटच्या जवळपास.

आता डिस्क. ७२०० फेऱ्यांची साडेतीन इंची हार्ड डिस्क बाहेरच्या ट्रॅकवर सलग लिहिताना साधारण १५० ते २५० मेगाबाइट देते, आतल्या ट्रॅकवर जवळजवळ निम्मे. म्हणजे रिकामी असताना गिगाबिटला पुरून उरणारी डिस्क भरत आल्यावर पुरेलच असं नाही. हे सगळं सलग लिखाणाचं. विखुरलेल्या लिखाणात अर्ध्या फेरीला ४.१७ मिलिसेकंद आणि हेड सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद जातात. सेकंदाला ऐंशीच्या आसपास राइट, बस्स. साटा एसएसडी ५५० च्या घरात अडते. यूएसबी २.० कागदावर ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात ३० ते ४० मेगाबाइट.

लहान बोर्डांवर बस कुठे वाटून घेतली आहे तेही बघा. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीआधीच्या मॉडेल-बी बोर्डांवर इथरनेट आणि यूएसबी एकाच यूएसबी २.० च्या वाटेने जातात. तिथे नेटवर्कवरून आलेला प्रत्येक बाइट बाहेरच्या डिस्कवर जाताना तीच वाट दुसऱ्यांदा अडवतो.

२. नेटवर्क एकटं मोजा

घेणाऱ्या मशीनवर आयपर्फ-३ सर्व्हर म्हणून चालू करा, पाठवणाऱ्यावरून क्लायंट. १० सेकंदांची डिफॉल्ट चाचणी नको, ‘-टी’ पर्यायाने १२० सेकंद द्या. यात डिस्कचा संबंध नाही, डेटा रॅममध्ये तयार होतो आणि रॅममध्येच टाकून दिला जातो. गिगाबिटवर ९३० ते ९४१ मेगाबिट शेवटपर्यंत स्थिर आले आणि ‘रीट्रान्समिट’चा (पुन्हा पाठवावी लागलेली पॅकेट) रकाना शून्याजवळ राहिला, तर केबल, स्विच, कार्ड सगळं निर्दोष. त्यांना पुन्हा हात लावू नका.

रीट्रान्समिट शेकड्यांनी वाढत असतील तर मात्र दुखणं खरोखर नेटवर्कचं आहे. आधी ते निस्तरा, मग पुढे या.

३. डिस्क एकटी मोजा

इथे नवखे सर्वांत जास्त फसतात. डीडी या कॉपीच्या कमांडने एक गिगाबाइटची फाइल लिहिली, आकडा आला सेकंदाला दोन गिगाबाइट, आणि निष्कर्ष काढला की डिस्क झकास आहे. तो वेग रॅमचा होता. डीडी वापरायचंच असेल तर ‘कॉन्व्ह=एफडेटासिंक’ जोडा, म्हणजे शेवटचा बाइट डिस्कवर पोहोचेपर्यंत घड्याळ चालू राहील.

दुसरा सापळा डेव्ह-झीरोचा, म्हणजे नुसती शून्यं पुरवणाऱ्या फाइलचा. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमवर कॉम्प्रेशन चालू असेल तर शून्यांची फाइल दाबून जवळजवळ नाहीशी होते. आकडा अफाट येतो आणि खोटा असतो.

तिसरा सापळा महागडा आहे. डीडीच्या ‘ओएफ’ पर्यायापुढे फाइलचा मार्ग द्यायचा, डिव्हाइसचं नाव नाही. डिव्हाइसचं नाव दिलंत तर चाचणीऐवजी डिस्कच पुसली जाईल.

एफआयओ जास्त भरवशाचं. सलग राइट, ब्लॉक १ मेगाबाइट, आकार रॅमच्या दुप्पट, ‘एंड_एफसिंक=१’ (शेवटी सगळं डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबायचं). चाचणी चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवर ‘आयओस्टॅट -एक्स १’ ठेवा आणि दर सेकंदाचा राइट वेग बघा. सरासरीवर भागवू नका. पहिल्या २० गिगाबाइटला ४५० आणि नंतर ८० असं असेल, तर सरासरी दोन्ही गोष्टी लपवते.

४. दोन्ही जोडा, आणि अडतं कुठे ते पकडा

आयपर्फ-३ मध्ये कॅपिटल ‘-एफ’ पर्याय आहे. पाठवणाऱ्या बाजूला दिला तर डेटा फाइलमधून वाचला जातो, घेणाऱ्या बाजूला दिला तर फाइलमध्ये लिहिला जातो. चाचणी तीनदा करा: फाइलशिवाय, फक्त पाठवणाऱ्याकडे फाइल, फक्त घेणाऱ्याकडे फाइल. कोणत्या खेपेला वेग पडला त्यावरून गुन्हेगार समजतो. पाठवणाऱ्याची फाइल आधीच्या वाचनामुळे रॅममध्ये बसलेली असेल तर दुसरी चाचणी फसवी ठरते. अजून न वाचलेली मोठी फाइल घ्या किंवा पेज कॅश आधी रिकामा करा. आणि आयपर्फने लिहिलेली फाइल चाचणीनंतर पुसून टाका, ती मूळ फाइलशी तंतोतंत जुळेल याची हमी नसते.

मग खरी कॉपी लावा आणि ती रखडत असतानाच पुढचं बघा.

घेणाऱ्या मशीनवर ‘एसएस -टीएन’ चालवा आणि त्या कनेक्शनचा रिसीव्ह-क्यू रकाना वाचा. डेटा आला आहे पण प्रोग्रॅमने अजून उचलला नाही, तो इथे बाइटमध्ये दिसतो. निरोगी कॉपीत हा आकडा शून्याजवळ खालीवर होतो. तो लाखांत जाऊन तिथेच बसला, तर नेटवर्कने आपलं काम केलं आहे, उचलणारा अडलाय. रिसीव्ह-क्यू शून्य आणि तरी वेग कमी, तर पाठवणारी बाजू किंवा वाट तपासा. पाठवणाऱ्या मशीनवर ‘एसएस -टीआय’ मध्ये ‘आरडब्ल्यूएनडी_लिमिटेड’ ही नोंद दिसली, तर घेणाऱ्याच्या विंडोमुळे किती वेळ थांबावं लागलं ते टक्क्यांसह मिळतं. वायरशार्कमध्ये हीच गोष्ट ‘झीरो विंडो’ म्हणून काळ्या पट्टीत उठून दिसते.

आता उचलणारा का अडलाय? टॉपमध्ये त्या प्रोसेसची अवस्था बघा. ‘डी’ असेल तर तो आयओची वाट बघतोय, म्हणजे डिस्क. ‘आर’ असेल आणि एक कोर शंभर टक्क्यांना टेकला असेल, तर डिस्क निर्दोष, सीपीयू कमी पडतोय. एससीपी या कॉपीच्या कमांडचं एन्क्रिप्शन, रिसिंक या कॉपीच्या साधनाचं चेकसम, फ्यूजवर (कर्नलबाहेर) चालणारा जुना एनटीएफएस ड्रायव्हर, हे नेहमीचे संशयित. हा फरक न बघता डिस्क बदलणारे आणि न बघता केबल बदलणारे एकाच पंगतीचे.

सोबत रॅमचा हिशेब देणाऱ्या प्रॉक-मेमइन्फो फाइलमधल्या ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ या दोन ओळी सेकंदाला एकदा छापत ठेवा. ‘डर्टी’ चढत जाते, एका उंचीवर अडते, आणि नेमका तेव्हाच वेग पडतो. हे डोळ्यांनी एकदा बघितलं की शंका उरत नाही.

५. वेग कधी पडणार, ते आधीच काढता येतं

लिनक्सचे डिफॉल्ट असे: ‘डर्टी बॅकग्राउंड रेशो’ १० टक्के, ‘डर्टी रेशो’ २० टक्के. हे टक्के एकूण रॅमचे नाहीत, मोकळ्या आणि मोकळ्या करता येण्याजोग्या रॅमचे. १० टक्क्यांना कर्नल मागच्या मागे डिस्कवर लिहायला लागतो. दोन्हींच्या मध्यापुढे, म्हणजे १५ टक्क्यांपासून, लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला तो आवरायला लागतो, आणि २० ला पूर्ण लगाम.

समजा उपलब्ध रॅम १४ गिगाबाइट, नेटवर्क ११५ मेगाबाइट, डिस्कचा टिकाऊ वेग ७०. पहिले १.४ गिगाबाइट रॅममध्येच साठतात, त्याला १२ सेकंद. तिथून कर्नल लिहायला लागतो, पण दर सेकंदाला ४५ मेगाबाइटची तूट राहते. २.१ गिगाबाइटची पातळी गाठायला आणखी साधारण १६ सेकंद. म्हणजे २८ व्या सेकंदाच्या आसपास, जेमतेम ३.२ गिगाबाइट गेल्यावर, वेग ७० कडे घसरणार. दोन गिगाबाइटच्या फाइलने चाचणी घेणाऱ्याला हा दोष कधीच दिसत नाही, आणि रॅम वाढवल्याने तो जात नाही, फक्त पुढे सरकतो.

पडल्यावर आलेख कसा वागतो, त्यावरून पुढचं निदान:

एकदा पडून सपाट राहिला, तर तोच डिस्कचा खरा टिकाऊ वेग. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दर पाच सेकंदांनी गचका बसत असेल तर फाइल सिस्टिमची लय बघा. ईएक्सटी-४ चं जर्नल (बदलांची नोंदवही) डिफॉल्टने ५ सेकंदांनी कमिट होतं, झेडएफएसचा ट्रान्झॅक्शन ग्रुपही ५ सेकंदांचा, आणि कर्नलचा राइटबॅक थ्रेडही तेवढ्याच अंतराने जागा होतो.

बरेच गिगाबाइट झोकात गेले आणि मग वेग दशांशावर आला, तर तो माध्यमाचा स्वभाव आहे. क्यूएलसी किंवा स्वस्त टीएलसी (एका सेलमध्ये चार किंवा तीन बिट साठवणाऱ्या) एसएसडीतला एसएलसी कॅश, म्हणजे आधी भरला जाणारा वेगवान भाग, भरला असेल, किंवा हार्ड डिस्क एसएमआर असेल. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधला एक बदलायचा तर पुढचे सगळे पुन्हा लिहावे लागतात. आयओस्टॅटमधला ‘डब्ल्यू_अवेट’ (एका राइटला लागणारा सरासरी वेळ) शेकडो मिलिसेकंदांवर जातो. कागदावर टिपलेलं मॉडेल इथे कामी येतं: निर्मात्याच्या तपशीलपत्रात सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) की एसएमआर ते बघा.

कॉपी १०० टक्के दाखवून तिथेच लटकली, तर गडबड नाही. एनएफएस शेअरवर (नेटवर्कवरून वापरायचं दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर) लिहिताना क्लायंटचा स्वतःचा पेज कॅशही मधे असतो आणि फाइल बंद करताना तो सर्व्हरकडे रिता करावा लागतो. लटकली समजून मधेच मारू नका.

६. कारणाप्रमाणे उपाय

गचके: ‘डर्टी बॅकग्राउंड बाइट्स’ ६४ ते २५६ मेगाबाइट आणि ‘डर्टी बाइट्स’ त्याच्या दुप्पट-चौपट ठेवून बघा. बाइटमधला आकडा दिला की टक्क्यांचा आपोआप शून्य होतो. यामुळे डिस्कवर लिखाण लवकर सुरू होतं आणि एकदम ढीग कोसळत नाही. एकूण वेळ मात्र फारसा घटणार नाही. मिळते ती समान चाल, आणि त्याच मशीनवरची बाकीची कामं गुदमरत नाहीत.

बारीक फाइल्स: १०,००० फाइल्स, प्रत्येकी ४ किलोबाइट, मिळून जेमतेम ४० मेगाबाइट. प्रत्येक फाइलमागे एक एफसिंक (डेटा डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबणं) आणि त्याला हार्ड डिस्कवर १० मिलिसेकंद धरले, तरी १०० सेकंद. वेग पडला सेकंदाला ०.४ मेगाबाइट! इथे बँडविड्थचा काही संबंध नाही. टारने सगळ्या फाइल्सचा एकच प्रवाह करून पाठवा, मधे एमबफर या बफर साधनाचा काही शे मेगाबाइटचा टप्पा ठेवा. पलीकडे फोडून ठेवायच्याच असतील, तर निदान नेटवर्कची प्रत्येक फाइलमागची ये-जा वाचते.

रिसिंक: वेगवान लोकल नेटवर्कवर ‘होल-फाइल’ पर्याय द्या. एरवी आधीची फाइल असेल तर रिसिंक ती वाचतं, तुलना करतं आणि त्याच डिस्कवर नवी तात्पुरती फाइल लिहितं. एकाच हेडला वाचन आणि लिखाण दोन्ही. ‘इन-प्लेस’ने ती दुसरी फाइल टळते, पण कॉपी मधेच तुटली तर जुनी फाइलही गेली समजा.

सिंक राइट: एनएफएसच्या एक्स्पोर्टमध्ये ‘सिंक’ असेल तर सर्व्हर डेटा कायम माध्यमावर पोहोचवूनच तशी पोच देतो. ‘असिंक’ केलं की वेग एकदम वाढतो आणि लोक खूश होतात. पण वीज गेली तर क्लायंटला ‘लिहिलं’ म्हणून सांगितलेला डेटा नाहीसा झालेला असतो. पुन्हा आणता येईल असाच डेटा असेल तरच हे करा. झेडएफएसवर सिंक राइटसाठी वेगळं, वीज गेली तरी टिकणारं एसएलओजी (सिंक राइट आधी टिपून ठेवणारं) डिव्हाइस लावणं हा रास्त मार्ग. साम्बाच्या (विंडोज पद्धतीचे शेअर देणारा सर्व्हर) ‘स्ट्रिक्ट सिंक’लाही हाच न्याय. ४.७ आवृत्तीपासून ते डिफॉल्टने चालू आहे.

रेड-५ (एक डिस्क गेली तर डेटा परत काढता यावा म्हणून पॅरिटी ठेवणारा डिस्कसंच): छोट्या राइटला जुना डेटा आणि जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा आणि नवी पॅरिटी लिहा, असे चार व्यवहार पडतात. सलग मोठ्या फाइलना फारसं जाणवत नाही, विखुरलेल्या लिखाणाला जाणवतं.

व्हर्च्युअल मशीनच्या इमेज बीटीआरएफएसवर ठेवत असाल तर त्या रिकाम्या फोल्डरला आधीच ‘नो-काऊ’ (बदल नव्या जागी न लिहिता जुन्याच जागी लिहायचा) खूण लावा. नंतर लावली तर जुन्या फाइलींना ती लागू होत नाही.

फॅट आणि एक्सफॅट: शेअरमागे अशी पेनड्राइव्ह किंवा डिस्क असेल तर एक विचित्र दृश्य दिसतं. कॉपी शून्यावर उभी, नेटवर्क शांत, आणि डिस्कचा दिवा मात्र सतत चालू. क्लायंटने आधी फाइलचा पूर्ण आकार ठरवायला सांगितलेला असतो. या फाइल सिस्टिमना विरळ फाइल (रिकामा भाग डिस्कवर न लिहिता ठेवलेली) ठाऊक नाही, म्हणून मधली जागा खरोखर शून्यांनी भरली जाऊ शकते. मग खरा डेटा त्यावर दुसऱ्यांदा लिहायचा. मोठ्या फाइलला तेवढ्यात क्लायंटचा टाइमआउटही होतो. सर्व्हरखाली ईएक्सटी-४ किंवा एक्सएफएस ठेवा, प्रश्न मिटतो.

विंडोजवर मोठ्या फाइलसाठी रोबोकॉपी या कॉपीच्या कमांडला ‘/जे’ द्या. तो बफर न करता लिहितो, त्यामुळे रॅम फुगत नाही आणि दिसणारा वेग खरा असतो.

७. ज्याला हात लावू नये

जंबो फ्रेम (मोठी पॅकेट), कंजेशन कंट्रोल (गर्दी बघून वेग आवरणं), टीसीपी बफर वाढवणं: दुसऱ्या पायरीत नेटवर्क उत्तीर्ण झालं असेल तर या तिन्हींनी काही साधणार नाही. रिसीव्ह बफर ६ चा ६४ मेगाबाइट केला, तर गिगाबिटवर अर्ध्या सेकंदाची उसंत मिळेल, तीही एकदाच. ‘नोएटाइम’चा (फाइल वाचल्याची वेळ न नोंदवण्याचा) सल्ला जागोजागी मिळतो. लिनक्सवर ‘रेलएटाइम’ (ती वेळ क्वचितच नोंदवणारा पर्याय) २००९ पासून डिफॉल्ट आहे, कॉपीच्या वेगात फरक दिसायचा नाही. एनव्हीएमई एसएसडीवर आयओस्टॅटचा ‘युटिल’ रकाना १०० दाखवतो म्हणून घाबरू नका. अशी डिस्क एकाच वेळी अनेक मागण्या उरकते, त्या आकड्यावरून ती भरली असं ठरत नाही.

आणि हे सगळं टीसीपीचं. यूडीपीवर (पोच न मागता पाठवायची पद्धत) थांबवणारं कोणी नाही, डिस्क अडली की पॅकेट सरळ सांडतात. ‘नेटस्टॅट -एसयू’ मध्ये ‘रिसीव्ह बफर एरर्स’ वाढताना दिसतील. तिथे मोठा बफर आणि डिस्कवर लिहिणारा वेगळा थ्रेड, दोन्ही लागतात.

८. बदल केल्यावर पुन्हा मोजा

एका वेळी एकच बदल. प्रत्येक वेळी तीच फाइल, रॅमच्या दुप्पट. दोन्हीकडचा पेज कॅश आधी रिकामा, आणि घेणाऱ्याकडची जुनी प्रत पुसलेली. वेळ मोजताना कॉपी संपली की थांबू नका. घेणाऱ्या मशीनवर ‘सिंक’ चालवा आणि ती कमांड परत येईपर्यंतचा काळ धरा. एकूण बाइट भागिले हा पूर्ण काळ, तो तुमचा वेग. सॉलिड-स्टेट डिस्क असेल तर दोन चाचण्यांमध्ये ट्रिम करून (मोकळे ब्लॉक डिस्कला कळवून) काही मिनिटं मोकळी सोडा, नाहीतर दुसरी चाचणी भरलेल्या एसएलसी कॅशवर सुरू होईल आणि चांगला बदलही वाईट दिसेल.